पंचेचाळीस अंशांत सुपरचार्जर : विदर्भातल्या एका मस्टँगचं प्रकरण

पार्श्वभूमी

वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या कापूसपट्ट्यात एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) मालकाकडे २०१६ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील इथे गाळले आहेत. गाडी सेकंड हँड घेतलेली, आठ सिलिंडरचं पाच लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. भारतात ही गाडी २०१६ मध्ये आली, ती कंपनीच्या आकड्यांनुसार ४०१ अश्वशक्ती घेऊन. अमेरिकेतली हीच जीटी याहून जास्त ताकद काढते, आणि मालकाच्या मनात पहिली सल तीच होती.

त्यांना यंत्रांची मनापासून आवड आहे. जिनातल्या डबल रोलर मशीनचा आवाज बदलला की ते जेवणावरून उठून जातात. गाडी वर्षातून मोजक्या वेळा बाहेर निघायची, एरवी सरकीच्या गोदामाशेजारच्या बंद शेडमध्ये ताडपत्रीखाली असायची. २०२२ च्या पावसाळ्यात त्यांनी ठरवलं की या इंजिनावर सुपरचार्जर बसवायचा.

कामात चौघं होते. मालक, जिनातले ट्रक आणि जनरेटर सांभाळणारे उस्ताद, परदेशातून ईमेलवर मॅप (इंजिनाच्या कंट्रोल युनिटमध्ये भरायची इंधनाची आणि ठिणगीची मांडणी) पाठवणारा एक ट्यूनर, आणि मी. नागपुरात इंजिनांच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचं काम करतो, म्हणून लॉग, म्हणजे सेन्सरांनी नोंदलेले आकडे, वाचणं आणि ट्यूनरशी बोलणं माझ्याकडे आलं.

सुपरचार्जर काय करतो हे उस्तादांना समजावून सांगावं लागलंच नाही. किटचे फोटो पाहून ते म्हणाले, "शेठ, हे तं आपल्या जिनातल्या पंख्यावानीच हाय. पट्टा फिरला का हवा ढकलते." अगदी बरोबर. इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकच्या, पुलीवरून पट्ट्याने फिरणारा ब्लोअर इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, त्या हवेला पुरेल इतकं जास्तीचं पेट्रोल द्यायचं, ताकद वाढते. टर्बोचार्जर हेच काम एक्झॉस्टच्या वायूवर करतो. सुपरचार्जरला पट्टा फिरवण्यासाठी इंजिनाचीच थोडी ताकद खर्च करावी लागते, पण पाय दाबला की तो लगेच हजर असतो.

अडचण नेमकी कुठे होती

मालकाच्या दृष्टीने अडचण पैशांची आणि आयातीची होती. किट आठ हजार डॉलरच्या आसपास, त्यावर वाहतूक, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्येच भारतातलं गाड्यांचं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं, त्यामुळे एखादा सुटा भाग मोडला तर तो कुठून आणायचा हाही प्रश्न होताच. हे सगळं खरं. पण माझ्या मते या प्रकरणाचा जीव दोन दुसऱ्याच गोष्टींत होता: मे महिन्यातली हवा आणि तालुक्याच्या पंपावरचं पेट्रोल.

हवा दाबली की तापते. ४५ अंशांची हवा वातावरणाच्या दीडपट दाबापर्यंत नेली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १०० अंशांवर बाहेर पडते. हाच हिशोब १५ अंशांच्या हवेसाठी केला तर उत्तर ६५ येतं. मधला इंटरकूलर ही हवा थंड करतो, पण बाहेरच्या हवेपेक्षा थंड तो करू शकत नाही. वर्धा, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या भागात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं नित्याचं आहे. म्हणजे जिथे किटची चाचणी झाली असेल तिथे इंटरकूलरकडे जेवढी सवलत होती, तेवढी इथे मुळातच नाही. शिवाय तापलेली हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांना तेवढ्याच जागेत सुमारे सहा टक्के कमी हवा मावते, म्हणजे ताकद आधीच गेलेली.

दुसरी गोष्ट ऑक्टेनची. तापलेल्या, दाबलेल्या मिश्रणाचा काही भाग ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप भडकला तर त्याला नॉकिंग म्हणतात. पिस्टनची कड आणि रिंगांमधली जागा त्याने फुटते. ऑक्टेन जितका जास्त तितकं पेट्रोल हे जास्त सोसतं. किटच्या कागदांवर लिहिलं होतं, किमान ९१ ऑक्टेन. मालक म्हणाले, आपल्याकडे साधं पेट्रोलसुद्धा ९१ आहे, मग काळजी कसली?

इथेच घात होता. अमेरिकेतल्या पंपावरचा आकडा रिसर्च आणि मोटर या दोन पद्धतींनी मोजलेल्या ऑक्टेनची सरासरी असतो. आपल्याकडचा आकडा फक्त रिसर्च पद्धतीचा, आणि तो नेहमी मोठा येतो. तिकडचं ९१ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९५-९६. आपलं ९१ म्हणजे तिकडचं ८७, तिथलं सगळ्यात साधं पेट्रोल. आकडा तोच दिसत असला तरी ज्या पेट्रोलसाठी हे किट बनलं होतं ते तालुक्यात मिळतच नव्हतं. या इंजिनाचा मूळ कॉम्प्रेशन रेशोच, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, ११:१ आहे, त्यामुळे सवलत आणखी कमी.

कायदा

हा भाग मी पहिल्याच बैठकीत मांडला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची नोंदणीतली माहिती उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणेच लावला. त्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दंड लहान वाटतो, पण उद्या या गाडीखाली कुणी सापडलं आणि विमा कंपनीने हात वर केले तर जिनिंग विकावं लागेल, हे मालकाला आकड्यांत सांगितलं. त्यांनी विमा कंपनीकडे विचारणा केली. या बदलाची नोंद आम्ही पॉलिसीत करणार नाही, असं उत्तर आलं.

पुढ्यातले पर्याय

काहीच न बसवता पैसे टायर, ब्रेक, कूलिंग आणि सर्किटवरच्या प्रशिक्षणावर खर्च करायचे, हा पहिला पर्याय आणि माझी पहिली शिफारस. ४०१ अश्वशक्ती पूर्ण वापरता येईल अशी जागा मुळात विदर्भात नाही.

गाडी विकून कारखान्यातूनच टर्बो किंवा सुपरचार्जर घेऊन आलेली गाडी घ्यायची, हा दुसरा. कायद्याचा, विम्याचा, वॉरंटीचा सगळा गुंता यात सुटतो. मालकाने यावर फार वेळ दिला नाही. त्यांना हेच इंजिन हवं होतं, आणि काम आपल्या शेडमध्ये, आपल्या हातांनी व्हायला हवं होतं. ही इच्छा मला कमी मोलाची वाटत नाही. मोठ्या शहरांबाहेर असं काम करायला शिकलेले हात अशाच हट्टांतून तयार होतात.

तिसरा पर्याय होता सुपरचार्जर बसवायचा, पण मग गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची नाही. ट्रेलरवरून सर्किटला न्यायची, ट्रेलरवरूनच आणायची. चौथा, गुपचूप बसवून रस्त्यावर फिरवायची. चौथ्यात मी राहणार नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि उस्तादांनीही मान डोलावली. तिसरा ठरला.

किटच्या प्रकाराचा निर्णय त्यानंतर झाला. सेंट्रिफ्यूगल (पंख्याच्या फिरण्याने हवा बाहेर फेकणाऱ्या) ब्लोअरचा बूस्ट, म्हणजे वाढवलेला दाब, इंजिनाच्या वेगासोबत चढत जातो, खालच्या वेगावर इंजिनावर भार कमी असतो. ट्विन स्क्रू, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंचा ब्लोअर, जवळजवळ सुरुवातीपासून पूर्ण दाब देतो आणि इंजिनाच्या वर, दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधोमध बसतो. उष्णतेचा विचार केला तर मला सेंट्रिफ्यूगल बरा वाटत होता. पण त्याला समोरच्या कोपऱ्यांत मोठे पाइप फिरवावे लागतात, आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ब्रेक बूस्टरची जागा बदललेली असते. पाइप बसतील असं विक्रेता लेखी द्यायला तयार नव्हता. ट्विन स्क्रूवाल्याने लेखी दिलं. मालकाने ट्विन स्क्रू घेतला, आणि हातातली माहिती पाहता तो निर्णय योग्यच होता.

काय केलं

किट दिवाळीच्या आधी पोहोचलं. कापसाची आवक सुरू व्हायच्या आत काम उरकायचं होतं, कारण हंगाम सुरू झाला की उस्तादांना श्वास घ्यायला फुरसत नसते आणि शेडभर रुईचे तंतू उडतात.

यांत्रिक काम उस्तादांनी केलं, आणि ते सुरेख केलं. वरचं इनटेक मॅनिफोल्ड काढताना प्रत्येक पोर्टमध्ये स्वच्छ कापड कोंबलं, मोजून कोंबलं, मोजून काढलं. पुलींची रेषा सरळ आहे का हे त्यांनी जिनाच्या शाफ्टसाठी वापरतात त्याच दोरीने तपासलं आणि नंतर लेझरने ताडून पाहिलं. फरक निघाला नाही. मोठे इंजेक्टर, एक पायरी थंड स्पार्क प्लग, प्लगचा गॅप कमी केलेला, इंधन पंपाला जास्तीचा व्होल्टेज देणारा बूस्टर हे सगळं किटप्रमाणे.

दोन ठिकाणी आम्ही किटच्या पुस्तकापासून दूर गेलो. इंटरकूलरच्या पाण्यात कूलंटचं प्रमाण निम्मं ठेवा असं लिहिलं होतं, ते थंड देशांत पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे तो प्रश्न नाही आणि निव्वळ पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, म्हणून डिस्टिल्ड वॉटर जास्त ठेवलं आणि गंज रोखण्यापुरतंच कूलंट घातलं. हे पाणी भरताना व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आधी ओढून घेतली. या वळणावळणाच्या पाइपांत हवा अडकली तर पाणी फिरतच नाही आणि कुठला दिवाही लागत नाही. दुसरं म्हणजे इंटरकूलरचं पाणी थंड करणाऱ्या, समोर खाली बसणाऱ्या हीट एक्सचेंजरच्या पुढे उस्तादांनी बारीक जाळी लावली, सहज निघेल अशी. रुईचा थर एक्सचेंजरच्या पत्र्यांत एकदा अडकला की धुऊनही पुरता निघत नाही.

एक काम पुढे ढकललं. या इंजिनाच्या ऑइल पंपाचे गिअर दाबलेल्या धातूच्या भुकटीचे असतात, आणि बूस्ट टाकल्यावर ते अखंड पोलादातून कापलेले बसवून घ्या असं जाणकार सांगतात. त्यासाठी इंजिनाचं पुढचं कव्हर उघडावं लागतं. मालकाला हंगामाआधी गाडी सुरू झालेली पाहायची होती. तडजोड म्हणून मॅपमध्ये इंजिनाचा कमाल वेग मूळपेक्षा खाली बांधला.

पहिला मॅप, पहिला लॉग

ट्यूनरने पाठवलेला सुरुवातीचा मॅप अमेरिकी ९१ साठीचा होता. ऑक्टेनचा फरक त्याला मी लिहिला होता. सुधारित मॅप दोन दिवसांत पाठवतो असं त्याने कळवलं, आणि तोवर गाडी फक्त उभ्यानेच चालू करायची असं आमच्यात ठरलं.

त्याच सुमारास, ११ डिसेंबर २०२२ ला, समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. मालकाचा फोन आला, "दादा, समृद्धी रिकामीच पडली हाय. रात्री दोन वाजता कोण रायते तिथं? एकदा लॉग घेऊन टाकू." मी नाही म्हटलं. तिथे मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे, आणि रिकाम्या दिसणाऱ्या रस्त्यावर बंद पडलेला ट्रक दिवे न लावता उभा असू शकतो. शिवाय ज्या मॅपवर भरवसा नाही त्यावर पूर्ण जोर लावणं हे इंजिनाच्या बाबतीतही चुकीचंच होतं.

समृद्धीवर ते गेले नाहीत. पण त्याच रात्री गावाबाहेरच्या रस्त्यावर एकदा पाय पूर्ण दाबला गेला. सकाळी लॉग माझ्याकडे आला. नॉक सेन्सरनी ठिणगीची वेळ क्रँकच्या फिरण्याच्या सहा-सात अंशांनी मागे ओढलेली होती, म्हणजे नॉकिंग होत होतं, आणि ती रात्र डिसेंबरची, थंडीची. आठही प्लग काढले. दोन प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर मिरपुडीसारखे काळे-चंदेरी ठिपके होते. ते ॲल्युमिनियमचे कण, म्हणजे पिस्टनचा पृष्ठभाग सुटायला लागला होता. लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) केली, कॅमेरा आत घालून सिलिंडर पाहिले. भिंती स्वच्छ, गळती मर्यादेत. इंजिन वाचलं होतं.

या टप्प्यावर खरा निर्णय झाला. मालकाची सूचना होती की मोठ्या शहरातून १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणू. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये निवडक शहरांत ते विकायला सुरुवात केली होती. तांत्रिकदृष्ट्या उत्तर बरोबर होतं. पण एखाद्या दिवशी टाकीत साधं पेट्रोल पडणारच, घाईत, दुसऱ्या कुणाच्या हातून. ज्या मॅपला खास पेट्रोल लागतं तो मॅप त्या एका दिवशी इंजिन घेऊन जातो. मी आग्रह धरला की तालुक्याच्या पंपावर जे मिळतं त्यावरच गाडी बसवायची. ब्लोअरची पुली मोठी घ्यायची म्हणजे तो सावकाश फिरेल, बूस्ट साडेपाच पीएसआयच्या आसपास राहील, आणि ठिणगीची वेळ मागे ठेवायची. मालक दोन दिवस नाराज होते. मग त्यांनी पुली मागवली.

परिणाम

नव्या पुलीवर गाडी ट्रेलरने पुण्याला डायनोवर, म्हणजे चाकावरची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नेली. मूळ अवस्थेत चाकावर सुमारे ३४० अश्वशक्ती मिळाली होती, आता साडेचारशेच्या आत-बाहेर मिळाली. किटच्या जाहिरातीतला सहाशेच्या पुढचा आकडा क्रँकवरचा आणि तिकडच्या प्रीमियम पेट्रोलचा. मालकाला मी पहिल्या पुलचा (पूर्ण जोर लावून केलेल्या एका मोजणीचा) आकडा लिहून घेऊ दिला नाही, सलग घेतलेल्या पाचव्याचा घ्यायला लावला. पहिल्या पुलला इंटरकूलरचं पाणी थंड असतं. पाचव्यापर्यंत सगळं तापतं आणि गाडी खरोखर काय देते ते कळतं. पाचव्या पुलला ताकद थोडी उतरली, नॉकिंग मात्र कुठेच नव्हतं.

मे २०२३ मध्ये शेडच्या आवारात, दुपारी, मुद्दाम पाहिलं. नुसतं सुरू ठेवून उभं केलं तरी ब्लोअरनंतरच्या हवेचं तापमान वीस मिनिटांत ७० च्या वर गेलं आणि कंट्रोल युनिटने आपणहून ताकद कापायला सुरुवात केली. त्याने तेच करायला हवं होतं. तेव्हापासून एप्रिल ते जून गाडी बंद ठेवायची असं ठरलं, आणि ते पाळलं जातं.

थंडीत गाडी कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गेली. सर्किट लहान, २.१ किलोमीटरचं, वळणं जवळजवळ. तिथे इंजिनाने एकदाही कुरकुर केली नाही. ब्रेक मात्र काही फेऱ्यांतच थकले, पेडल खाली जायला लागलं. जास्तीच्या वेगाने वळणावर पोहोचणारी जड गाडी थांबवायची व्यवस्था मूळचीच होती. ज्या ब्रेकसाठी मी पहिल्या दिवशी पैसे मागितले होते ते त्या दौऱ्यानंतर बसले.

वेगळं काय करता आलं असतं

किट मागवण्याआधी एका कागदावर दोन आकडे लिहायला हवे होते: गाडी चालेल त्या दिवसाचं सर्वाधिक तापमान आणि हाताशी असलेल्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन. हे दोन आकडे धरून विक्रेत्याला विचारलं असतं तर मोठी पुली पहिल्याच खोक्यात आली असती, दुसऱ्यांदा कस्टम भरावं लागलं नसतं.

सुरुवातीच्या मॅपमध्ये थ्रॉटल आणि इंजिनाचा वेग कुलूप लावल्यासारखा बांधता येतो. पेट्रोलची खात्री होईपर्यंत तसं करायला ट्यूनरला सांगणं हा साधा उपाय होता. "उभ्यानेच चालू करायची" हा तोंडी करार ज्याच्या हाती किल्ली आहे त्याला बांधत नाही. नव्या यंत्राच्या ओढीने कुणीही पाय दाबेल, आणि त्यात मालकाला दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. व्यवस्था अशी हवी की पाय दाबला तरी काही होऊ नये.

ऑइल पंपाचे गिअर अजून बदललेले नाहीत. इंजिनाच्या वेगाची मर्यादा खाली आहे तोवर धोका आटोक्यात आहे असं मी धरतो. पण उद्या कुणी ती मर्यादा उठवली तर आधी पुढचं कव्हर उघडावं लागेल, हे उस्तादांनी शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे.

एक काम नव्याने उभं राहिलं आहे. गाडी ट्यून केली तेव्हा पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल होतं, २०२५ पर्यंत ते देशभर वीस टक्के झालं. इथेनॉलचा ऑक्टेन शंभराच्या वर, त्यामुळे नॉकिंगची भीती थोडी कमी होते. पण तेवढ्याच हवेला आता तीन-चार टक्के जास्त इंधन लागतं, आणि इंजेक्टर वरच्या वेगावर आधीच बऱ्यापैकी भरलेले चालतात. म्हणून नवा मॅप बनवण्याआधी इंधनाचा दाब आणि इंजेक्टर किती टक्के उघडे राहतात याचे लॉग परत घ्यायचे आहेत. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या या गाडीची टाकी अर्धवट ठेवायची नाही. जून संपायच्या आत ती काठोकाठ भरून ठेवायची आणि दिवाळीनंतर पहिलं सुरू करण्याआधी जुनं पेट्रोल काढून ताजं घालायचं, असं सध्या ठरलं आहे.